अंगणात आलेली कोंबडी



दीक्षा घेतली, त्रिशरण-पंचशील पाठ झाले, घरातील जुने देव काढून टाकले. आता पुढे काय? नवदीक्षित कुटुंबांतून हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ग्रंथांत आहेच. पण कधी कधी ते आपल्या पायांनी चालत तुमच्या अंगणात येते.

एखाद्या सायंकाळी तुम्ही कामावरून घरी येता. अंगणात एक परकी कोंबडी राखेत चोच घालीत असते. पायाला चिंधी नाही, पंखावर रंगाची खूण नाही. घरात लगेच तीन मते पडतात. एकजण म्हणतो, "आयती चालून आली आहे, उद्याची भाजी आणायला नको." दुसरा म्हणतो, "कोणाची कोण जाणे, हाकलून द्या." घरातील म्हातारी दारातूनच ओरडते, "तिला शिवू नका, कोणीतरी उतारा सोडला असेल!" पहिला लोभ बोलतो, दुसरी बेपर्वाई बोलते, तिसरे भय बोलते. तुमच्या घरात या तिघांपैकी कोणाचे चालते, यावरून पंचशील तुमच्या ओठांवर आहे की आचरणात, ते कळते.

मी स्वतःची एक हकिगत सांगतो. आमच्या घराने दीक्षा घेऊन थोडीच वर्षे झाली होती. मी लहान होतो. अशीच एक तांबडी कोंबडी आमच्या अंगणात आली. दिवस पावसाळ्याचे होते, घरात कामधंदा नव्हता. रात्री ती चुलीवर शिजली. पिसे उकिरड्यात पुरली. आम्ही जेवत असताना बाहेरून हाक ऐकू येऊ लागली, "तीऽ ती ती ती." पलीकडच्या आळीतील एक एकटी म्हातारी कंदील घेऊन घरोघर फिरत होती. त्या कोंबडीच्या अंड्यांवर तिचा चहा-साखरेचा खर्च चालत असे. ती आमच्या दाराशी आली. आईने आतूनच सांगितले, "नाही बाई, इकडे नाही आली." नेहमीप्रमाणे झोपण्यापूर्वी आम्ही भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून पंचशील म्हटले. दुसऱ्या शीलापाशी वडिलांचा आवाज अडखळला. तो अडखळलेला आवाज मला आजही ऐकू येतो. त्या एका कोंबडीपायी आम्ही जीव घेतला, न दिलेले घेतले आणि खोटे बोललो. एकाच रात्री तीन शिले मोडली. आम्ही दुष्ट नव्हतो, भुकेले होतो. पण ती म्हातारीही आमच्याइतकीच गरीब होती.

दुसऱ्या शीलाचे शब्द नीट ध्यानात घ्या. तेथे नुसते 'चोरी' म्हटलेले नाही. 'अदिन्नादान' म्हटले आहे, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. कुंपण तोडून आणली तरच चोरी आणि आपणहून आली तर आपली, असा बचाव तेथे टिकत नाही. कोंबडी चालत आली हे खरे. पण ती कोणी तुम्हाला दिली काय?

येथे कोणी राजपुत्र सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट पुढे करील. देवदत्ताने बाणाने पक्षी पाडला, सिद्धार्थाने त्याला वाचविले आणि पक्षी मारणाऱ्याचा नसून वाचविणाऱ्याचा, असा निवाडा झाला. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ही कथा घेतली आहे. मग आम्ही कोंबडीला दाणापाणी दिले, तेव्हा ती आमची का नव्हे? कारण असे, की तिच्या मालकिणीने बाण मारलेला नाही. तिची कोंबडी वाट चुकली एवढेच. तो निवाडा जीव घेऊ पाहणाऱ्याच्या हक्काविरुद्ध होता, जीव पोसणारीच्या हक्काविरुद्ध नव्हे. ज्याच्या मनात ती कढईत टाकण्याचा विचार आहे, त्याने तर ती कथा सांगूच नये. तो देवदत्ताच्या बाजूला उभा आहे.

आता भयाचा विचार करू. आजारी माणसावरून कोंबडी ओवाळून ती तिठ्यावर किंवा शिवेवर सोडण्याची चाल अनेक ठिकाणी होती, अजूनही कोठे कोठे आहे. अशी कोंबडी भटकत अंगणात आली, तिच्या डोक्यावर हळदकुंकू दिसले, की माणसे दगड मारून तिला घालवितात. तिला शिवू नका, तिची सावली नको, तिचे पाणी वेगळे ठेवा! बंधूंनो, ही भाषा तुम्ही यापूर्वी कोठे ऐकली आहे? कोणाविषयी ऐकली आहे? दुसऱ्याचे दुखणे जिच्या माथी मारून गावाबाहेर घालवून दिले, त्या मुक्या जिवाला आपण तरी विटाळाची भाषा ऐकवावी काय? तिच्या अंगावर रोग असू शकेल, इडापिडा नाही. ओल्या फडक्याने ते कुंकू पुसून टाका. उतारा तेथेच संपतो.

यावर कोणी चिडून विचारील, "महाडला चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आम्हाला मात्र बंदी होती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जनावराइतकीही किंमत आम्हाला दिली नाही, आणि आता कोंबडीची दया आम्हीच करायची काय?" हा संताप खरा आहे. पण त्या तळ्यावर बंदी कोणी घातली होती? पाणी पिणाऱ्या गुरांनी नव्हे. ज्यांनी घातली त्यांची निष्ठुरता आपण उचलली, तर लढा जिंकूनही आपण त्यांच्यासारखेच होऊ.

मग करावे काय? प्रथम कोंबडीला डालग्याखाली किंवा खुराड्यात सुरक्षित ठेवावे. रात्री मांजर, मुंगूस, कुत्रे यांच्यापासून तिला धोका असतो. पसरट भांड्यात पाणी आणि मूठभर ज्वारी, बाजरी किंवा कण्या द्याव्यात. घरच्या कोंबड्यांत मात्र लगेच सोडू नये. मानमोडीसारखा रोग एका कोंबडीपासून सगळ्या वस्तीत पसरतो. म्हणून दोन-तीन आठवडे तिला वेगळे ठेवावे आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कोंबडी मान टाकून बसली असेल, किंवा वस्तीत अनेक कोंबड्या एकाएकी मरत असतील, तर उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, हे विसरू नये. करुणेला प्रज्ञेची जोड पाहिजे ती अशी.

लगोलग मालकाचा शोध घ्यावा. नळावर, पिठाच्या गिरणीत, विहारात वंदनेनंतर सांगावे, की आमच्याकडे एक कोंबडी आली आहे. रंग आणि खुणा आपण सांगू नयेत. मागायला येणाऱ्याला सांगू द्याव्यात. या काळात तिने अंडी घातली, तर तीही मालकाचीच. दाण्याचे पैसे मागू नयेत.

येथे एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. मालक असा निघाला, की ज्याने तुम्हाला कधी घालूनपाडून बोलले आहे, तर? कोंबडी परत करायला गेलो तर उलट चोरीचाच आळ येईल, ही भीती आपल्या लोकांना अकारण वाटत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी चारचौघांना सांगावे, पोलीस पाटलाच्या कानावर घालावे आणि दिवसाढवळ्या दोन माणसे बरोबर घेऊन ती नेऊन द्यावी. वाकून नव्हे, ताठ मानेने. तो आभार मानो वा न मानो, शील त्याच्यासाठी नव्हते.

आणि मालक मिळालाच नाही तर? शहराकडेच्या वस्त्यांत टेम्पोतून पडलेली पांढरी ब्रॉयलर कोंबडी अशीच येते. तिला मालक शोधूनही सापडत नाही. अशा वेळी बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा आठवावी. त्या प्रतिज्ञेत प्राणिमात्रावर दया करण्याबरोबर त्यांचे लालनपालन करण्याचेही वचन आहे. दया मनात करून भागते, लालनपालनाला रोज दाणे लागतात. आणि त्याला लागूनच चौदावी प्रतिज्ञा चोरी न करण्याची आहे. अंगणातील कोंबडी या दोन प्रतिज्ञांच्या मधोमध उभी असते.

तुम्ही विचाराल, "आम्ही बाजारातून कोंबडी आणून खातो, मग हिचेच एवढे कौतुक का?" प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच पाहिजे. बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत भेद केला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांनी समजाविले. तेव्हा तुमच्या ताटात काय असावे, हे मी येथे ठरवीत नाही. पण तो भेद आपल्या सोयीसाठी नाही, स्वतःला विचारण्यासाठी आहे. जी तुमच्या हातचे दाणे टिपते, पोरांच्या मागे मागे फिरते, तिच्यावर सुरी धरताना गरज किती आणि इच्छा किती, हे ज्याचे त्याने विचारावे. आपण बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो. एखादा जीव, न समजून का होईना, आपल्या दाराशी आसऱ्याला आला, तर निदान त्याचा विश्वासघात आपल्या हातून होऊ नये.

हा विचार आजचा नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात जे प्राणी मारू नयेत त्यांची यादी दिली आहे. त्याच लेखात, कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशीही आज्ञा आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला कोंबड्याची वेदना नोंदविण्याजोगी वाटली. आपले राज्य अंगणापुरतेच आहे. तेवढ्यापुरती आज्ञा आपण सहज पाळू शकतो.

तुमची मुले तुमच्याकडे पाहत असतात. वंदनेतील पाली शब्दांचा अर्थ त्यांना कदाचित उशिरा समजेल. पण सायंकाळी बाहेरून "तीऽ ती ती ती" अशी हाक आली आणि तुम्ही दार उघडून म्हणालात, "आजी, इकडे या, तुमची कोंबडी आमच्याकडे आहे," तर दुसरे शील त्यांना त्याच क्षणी समजेल. माझ्या वडिलांना त्या रात्री हे वाक्य म्हणता आले असते, तर त्यांचा आवाज अडखळला नसता. तुम्ही ते म्हणा.