ऐकीव बातमी आणि मतदाराची साक्ष

वाचकहो, एखाद्याने खोट्या गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवला आणि त्याच विश्वासाने मत दिले, तर तो दोषी ठरतो काय? ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे उत्तर त्याला पुरेल काय?

एक उदाहरण पाहा. 25 ऑक्टोबर 1924 रोजी, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीला अवघे चार दिवस उरले असता, ‘डेली मेल’ने एक पत्र प्रसिद्ध केले. मॉस्कोतील साम्यवादी आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झिनोविएव्ह ब्रिटिश साम्यवाद्यांना क्रांतीची चिथावणी देत आहेत, असा त्याचा आशय होता. सत्तेवरील मजूर पक्षाने नुकतेच सोव्हिएत रशियाशी करार केले होते. साहजिकच संशय त्याच्याकडे वळला. मजूर पक्ष पराभूत झाला. पत्रामुळे किती मते फिरली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु नव्या सरकारने ते करार गुंडाळून ठेवले. 1999 मध्ये, म्हणजे 75 वर्षांनंतर, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकाराने कागदपत्रे तपासून पत्र बहुधा बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. तोवर ती निवडणूक केव्हाच इतिहासजमा झाली होती.

कारस्थानाची कथा रचणारे मूठभर असतात. ती खरी असावी अशी इच्छा बाळगणारे मात्र असंख्य. म्हणूनच सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीतील आज्ञा खोटे बोलणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला उद्देशून आहे: बातमीची शहानिशा करा, अन्यथा अज्ञानाने एखाद्या लोकसमूहाला इजा पोहोचवाल आणि मागाहून पश्चात्ताप कराल. तफसीरकार या संदर्भात बनू मुस्तलिक कबिल्याची घटना सांगतात. त्यांनी जकात नाकारल्याची वार्ता मदीनेत आली, गोष्ट लष्करी कारवाईच्या उंबरठ्यावर गेली आणि चौकशीअंती वार्ता खोटी निघाली.

कारस्थाने कधी घडतच नाहीत, असे मात्र नव्हे. 1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्दिक यांना पदच्युत करण्यात अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर संस्थांचा हात होता, हे कागदपत्रांनी सिद्ध झाले आहे. संशय घेणे हा गुन्हा नाही. पुराव्याविना संशयालाच निकाल मानणे हा अन्याय आहे.

आपल्या समाजाविषयी पसरलेल्या अफवांनी आपण होरपळलो आहोत. मग हाच तराजू आपल्यालाही लागू नको काय? यहुद्यांच्या जागतिक कारस्थानाचा तथाकथित दस्तऐवज बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 मध्येच दाखवून दिले, तरीही आपल्यातील काही जण आजही तो प्रमाण मानतात. एखाद्या समूहाविषयीचा राग आपल्याला न्यायापासून ढळू देता कामा नये, ही कुरआनची शिकवण आहे, आणि ती राग न्याय्य वाटतो तेव्हाच खरी कसाला लागते.

अनेक उलमांनी मताला साक्ष मानले आहे. न पाहिलेल्या, न तपासलेल्या गोष्टीची साक्ष आपण न्यायालयात देऊ काय? नकळत झालेली चूक क्षम्य असू शकते. परंतु जाणून घेणे शक्य असताना न जाणणे ही निवड आहे, आणि निवडीचा जाब द्यावा लागतो.

अल्लाह आपल्याला सत्य पारखण्याची दृष्टी आणि तोवर थांबण्याचा संयम देवो. आमीन.