‘मी’ नावाची किल्ली

मोबाइलवर एखाद्या अ‍ॅपमध्ये तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर जाता आणि परत येता, तेव्हा मघाची यादी लगेच समोर असते. पहिल्यांदा सर्व्हरकडून आलेलं उत्तर अ‍ॅपने मेमरीत ठेवून दिलेलं असतं. ठेवताना त्यावर एक चिठ्ठी लावलेली असते. पुढच्या वेळी तीच चिठ्ठी दाखवली की तेच उत्तर हातात. या चिठ्ठीला आम्ही फ्रंटएंडवाले ‘क्वेरी-की’ म्हणतो.

चिठ्ठीवर काय लिहायचं हा प्रश्न कारकुनी वाटतो. मला तो नैतिक वाटतो. का, ते सांगायला थोडं कोडजवळ जावं लागेल. फार आत नेणार नाही.

रिअ‍ॅक्टमध्ये या कामासाठी टॅनस्टॅक क्वेरी नावाची लायब्ररी खूप वापरली जाते. तिच्यात क्वेरी-की म्हणजे एक अ‍ॅरे: [‘रिपोर्ट’, ५]. लायब्ररी या अ‍ॅरेचा मजकूर बनवते आणि त्या मजकुराखाली उत्तर ठेवते. आता गंमत अशी की संख्या ५ आणि अक्षरी ‘५’ यांचा मजकूर वेगळा होतो. सर्व्हर संख्या पाठवतो, पण पत्त्याच्या ओळीतून उचललेला आकडा मात्र अक्षरी असतो. झालं, एकच रिपोर्ट दोन कप्प्यांत. एक कप्पा ताजा होतो, दुसरा शिळा राहतो. आपल्याकडे लग्नानंतर रेशन कार्डावर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं, अशा बाईला ‘या दोघी एकच’ हे सिद्ध करत हिंडावं लागतं, तसलंच हे.

यावर उपाय म्हणून टाइप आले. टाइपस्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवता येतं की इथे संख्याच हवी. कोणी अक्षरी आकडा दिला तर कोड चालण्याआधीच एडिटरमध्ये लाल रेघ. क्वेरी-की जिथे तिथे हाताने टाइप करण्याऐवजी एकाच फाइलमधल्या फंक्शनांनी बनवायच्या, ही पद्धतही रुळली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत तर ‘क्वेरीऑप्शन्स’ नावाची सोय मिळाली. तिच्यामुळे चिठ्ठी आणि त्याखालच्या उत्तराचा टाइप एकत्र बांधले जातात. त्याआधी कॅशमधून काही काढताना ‘हा रिपोर्टच आहे’ असं आपणच लिहून द्यायचो आणि कंपायलर मान मोडून विश्वास ठेवायचा. म्हणजे स्टॅम्पपेपरवरचं शपथपत्र, ज्याची पडताळणी कोणीच करणार नाही.

या बंधनांवर कुरकुर असतेच. “आपल्याच माणसांवर विश्वास नाही का?” हे वाक्य मी एकाहून अधिक टीममध्ये ऐकलंय. मला हा आक्षेप पटत नाही. सहा महिन्यांनी रुजू होणाऱ्या मुलीला आपण काय सोपवतो? तोंडी परंपरा, की जी स्वतःच अडवते आणि सांगते अशी फाइल? तिला बोलणी खावी लागू नयेत म्हणून आधीच केलेली ती सोय आहे, असं मी म्हणेन.

इथपर्यंत टाइपची बाजू भक्कम आहे. पुढे ती संपते.

समजा, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट दाखवणारं एक वेब-अ‍ॅप आहे. घरात फोन एक, खाती दोन: ताईचं आणि धाकट्या भावाचं. ताई लॉगइन करते, रिपोर्ट पाहते, लॉगआउट करते. दोन मिनिटांनी भाऊ लॉगइन करतो. क्वेरी-की आहे [‘मी’, ‘रिपोर्ट’]. कारण सर्व्हरकडचा पत्ताही तसाच असतो. ‘माझं दे’ एवढंच विचारायचं, मी कोण ते टोकनवरून किंवा कुकीवरून सर्व्हर ओळखतो. सर्व्हर बरोबर ओळखतोही. पण लायब्ररीच्या मूळ सेटिंगनुसार न वापरलेलं उत्तर पाच मिनिटं मेमरीत राहतं. लॉगआउटला पान पूर्ण रीलोड झालं नाही आणि कॅश कोणी पुसली नाही, तर भावाच्या स्क्रीनवर आधी ताईचा रिपोर्ट येतो आणि मागून नवं उत्तर आलं की बदलतो. नेट चांगलं असेल तर पापणी लवेपर्यंत. गावाकडच्या नेटवर चांगले काही सेकंद.

तेवढ्यात ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून होतो. कॅश रिकामी करता येते. भावाने वाचलेलं कसं पुसणार?

आता यातला टाइप तपासा. ताईचा रिपोर्ट हा ‘रिपोर्ट’ आहे. भावाचाही ‘रिपोर्ट’च. एकही लाल रेघ नाही. क्वेरी-कीमध्ये काही राहून गेलं का हे पाहणारा एक लिंट-नियमही या लायब्ररीसोबत मिळतो. फंक्शन जे चल वापरतं ते सगळे कीमध्ये आहेत ना, हे तो बघतो. तोही इथे गप्प, कारण फंक्शनमध्ये ‘कोण’ हा चलच नाही. तो कुकीतून, कोडच्या नजरेआडून गेला. उत्तर ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून आहे, नेमकी तीच प्रश्नात उच्चारलेली नाही.

जॉन पेरी या तत्त्वज्ञाने १९७९ च्या एका निबंधात सुपरमार्केटमधला प्रसंग सांगितला आहे. फरशीवर साखरेची रेघ दिसते. फाटकी पिशवी घेऊन फिरणाऱ्याला सांगावं म्हणून तो त्या रेघेमागे गोल गोल चालतो, आणि मग लक्षात येतं की सांडणारा तो स्वतःच आहे. पेरीचं म्हणणं असं की ‘मी’ या शब्दाचं काम दुसऱ्या कुठल्याही नावाने किंवा वर्णनाने होत नाही. माणसाच्या वागण्यासाठी हे खरं आहे. कॅशसाठी मात्र हाच शब्द सर्वांत वाईट, कारण बोलणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो आणि चिठ्ठी तशीच राहते.

मग दोष कोणाचा? बॅकएंडवाल्याने परवानगी नीट तपासली. फ्रंटएंडवाल्याचे टाइप चोख. रिव्ह्यू करणाऱ्याने जे दिसलं ते पाहिलं. खोटं कोणीच बोललं नाही, तरी स्क्रीन खोटं बोलली. ‘सगळ्यांचंच थोडं थोडं’ हे उत्तर मला पळवाट वाटतं. चिठ्ठी लिहिणारा एक दावा करत असतो: हे उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते सगळं मी इथे लिहिलंय. तो दावा त्याचा आहे. कंपायलरने तो मान्य केला म्हणून तो कंपायलरचा होत नाही.

करता येण्यासारखं आहे, आणि ते अवघडही नाही. क्वेरी-की बनवणाऱ्या फंक्शनचा पहिलाच पॅरामीटर खात्याचा क्रमांक ठेवायचा, म्हणजे ‘कोणाचं’ हे सांगितल्याशिवाय चिठ्ठीच तयार होणार नाही. त्या क्रमांकाला स्वतंत्र टाइप द्यायचा, म्हणजे चुकून रिपोर्टचा क्रमांक तिथे बसणार नाही. इथे टाइप पुन्हा कामाला येतात, पण काय विचारायचं हे आपण ठरवल्यावर. रिव्ह्यूत कोणीतरी म्हणेलच, “हा क्रमांक फंक्शन वापरतच नाही, काढून टाक.” त्याच्यासाठी वर एक ओळीची कमेंट लिहून ठेवावी.

आणि लॉगआउटला कॅश पुसावी. मेमरीतली तर पुसावीच, पण ऑफलाइन चालावं म्हणून ती ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये साठवली असेल तर तिथलीही. या साठवणीची मूळ मुदत २४ तासांची आहे, आणि टॅब बंद केल्याने ती जात नाही. पुसणारी ती ओळ लॉगआउटच्या बटणामागे आहे की नाही, हे टाइपस्क्रिप्ट सांगत नाही. त्यासाठी एकाच फोनवर दोन खात्यांनी, नेट हळू करून, एकामागोमाग लॉगइन करून बघावं लागतं.