सव्वीस आले तरी

कोथरूडच्या त्या फ्लॅटवर शनिवारी रात्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसायचा. शिरीष डीएम, म्हणजे डाव चालवणारा; खेळाडूंची सोडून बाकी सगळी पात्रं त्याची. ओंकारकडे बार्ड, मुक्ताकडे वीरजा नावाची फायटर आणि तन्वीकडे एक गोडबोल्या जादूगार. बार्ड पाचव्या लेव्हलचा, कॅरिस्मा १८. कुणाला पटवायचं तर वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात सात मिळवायचे. बोलण्यात कुणाला हार जायची ओंकारला सवयच नव्हती, खेळात काय किंवा बाहेर काय.

त्या रात्री दरोडेखोरांचा म्होरक्या हाती लागला. सोडलंत तर किल्ल्याची चोरवाट दाखवतो म्हणाला. बार्ड लगेच कबूल झाला. वीरजाने मात्र तलवार उपसली. तिचं गाव याच माणसाने जाळलं होतं.

“थांब, पर्सुएशन टाकतो.” फासा मॅगीच्या ताटलीला आपटून थांबला. १९. “अधिक सात, सव्वीस! आता वीरजाला पटलं. तलवार म्यान.”

मुक्ताने आपली कॅरॅक्टर शीट त्याच्यापुढे सरकवली. “मग हीसुद्धा तूच खेळ.”

“अगं, मागे तन्वीने पहारेकऱ्याला असाच तर पटवला!”

“पहारेकरी शिरीषचा होता. वीरजा माझी आहे. फासे नकोतच, ज्याला जे पटवायचंय ते त्याने बोलून पटवावं.”

“मग मी काय करू?” तन्वी एकदम म्हणाली. एरवी ती हिशेबापुरतंच बोलायची. “मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून तर असा जादूगार घेतला. तुझी वीरजा दरवाजा तोडते, तेव्हा तुला कोणी खरा सिलिंडर उचलायला लावतं का?”

बिनतोड होतं. असले तंटे या खेळाच्या बऱ्याच टेबलांवर झडतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात.

शिरीषने तोड काढली. विन्सेंट बेकरच्या २०१० सालच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या खेळात खेळाडूच्या पात्राला वळवायला आमिष आणि धाक दोन्ही असतात, त्यातलं त्याने आमिष तेवढं उचललं. “फासा राहील. सव्वीस म्हणजे बार्ड लाघवी बोलला, वीरजाला त्यात खोट दिसली नाही. ऐकलं तर मुक्ताला एक्सपीचे गुण, नाही ऐकलं तर तिची मर्जी. बरं ओंकार, बार्ड म्हणाला तरी काय?”

ओंकार अडखळला. “म्हणजे... वाट मिळेल. सगळ्यांचाच फायदा.”

“त्यात वीरजाचं काय?”

समोरची शीट त्याने उलटली. मागे मुक्ताच्या बारीक अक्षरात आठ-दहा ओळी होत्या. इतक्या महिन्यांत त्या कोणीच वाचल्या नव्हत्या. त्याने सावकाश वाचल्या.

“वीरजा,” तो बार्डच्या आवाजात म्हणाला, पण नेहमीचा नाटकी हेल नव्हता, “धाकटा विहिरीत किती वेळ लपला होता?”

“उजाडेपर्यंत.” मुक्ता थोडी थांबली. “वाट दाखवू दे त्याला. पण दोर माझ्या हातात. वाट संपली की गावच्या पंचांपुढे उभा करायचा.”

“मी सोडायचा शब्द दिलाय त्याला!”

“मग तसं पंचांना सांग.”

“पंच शिरीषचे ना?” म्हणत तन्वीने फासा उचलला.