दिंडीचा ट्रक आणि आपली वारी

वारी म्हणजे चालणे, असे आपण सहज बोलून जातो. पण रोजच्या चालीला दोन टोके असतात. पहाटे एका गावात मुक्काम मोडतो आणि संध्याकाळी तोच मुक्काम पुढच्या गावी उभा दिसतो. राहुट्या ताणलेल्या, चुली पेटलेल्या, पिंपे भरलेली. हा मुक्काम काही पायी येत नाही, तो दिंडीच्या ट्रकमध्ये बसून येतो. मग ज्या माणसांनी तो ट्रकमध्ये भरला, पुढे नेला, उतरवला आणि उभा केला, त्यांची वारी झाली की नाही?

ही शंका कुणाला पोरकट वाटेल. मला ती तशी वाटत नाही. वारी करून गावी आल्यावर लोक आपल्या पाया पडतात, आणि त्याच वेळी ट्रकबरोबरची माणसे भांडी मोजून कोठीत ठेवत असतात.

माळेगाव बुद्रुक हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी याच बाजूने बारामतीकडे जाते. तुकोबारायांची पालखी उंडवडीकडून बारामतीत येते आणि आमच्या परिसरातील पुष्कळ मंडळी तेथे सोहळ्यात मिसळतात. त्यामुळे पुढची वाट आम्हाला तोंडपाठ. बारामती सोडली की काटेवाडी. तेथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण. मग सणसरचा मुक्काम. पुढे बेलवाडीचे गोल रिंगण आणि त्यानंतर निमगाव केतकी.

आता हा बेलवाडीचा दिवस ट्रकच्या बाजूने पाहू. अंधारातच राहुटीच्या दोऱ्या सुटतात, खुंट्या उपटून पोत्यात जातात. प्रत्येकाने आपली वळकटी आणि पिशवी ट्रकपाशी आणून द्यायची असते. दोघे-तिघे नेहमीच उशिरा येतात आणि मग ट्रक चालू असताना त्यांच्या वळकट्या वर फेकाव्या लागतात. भरण्याचेही एक शास्त्र आहे. खाली पिठाची पोती, कडेला तेलाचे डबे, गॅसच्या टाक्या दोरीने आवळून, मोठी पातेली एकात एक, आणि सगळ्यांत वर बिछाने. ताडपत्री फाटकी असेल तर पहिले भिजतात तेही तेच, आणि बोलणी मात्र भरणाऱ्याला बसतात. पालखी हलण्याआधी ट्रक बाहेर पडला नाही तर दिवसभर गर्दीत अडकतो. म्हणून बेलवाडीला अश्व धावतो त्या घटकेला ट्रक निमगावच्या शिवारात पोचलेला असतो. उंचवट्याची जागा शोधायची, टँकर कोठे येणार त्याची चौकशी करायची, राहुटीभोवती पावसाच्या पाण्यासाठी चर खणायचा आणि मग पीठ चाळायला बसायचे.

आमच्या दिंडीत परातीपाशी बसणाऱ्या एक मावशी आहेत. अकरा वर्षे त्या येतात. बेलवाडीचे रिंगण त्यांनी एकदाही पाहिलेले नाही. गेल्या वर्षी त्यांनी मला विचारले, घोडा खरेच टाळकऱ्यांच्या मधून पळतो का, आणि मग लोक त्याच्या टापांखालची माती का घेतात. अकरा वाऱ्या केलेल्या बाईने हे विचारावे!

राहुटी ही वारीत अलीकडे शिरलेली चैन आहे, अशी टीका अधूनमधून कानी येते. ती बरोबर नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. त्या वेळी अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था दिली, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे मुक्कामाचे साहित्य दुसऱ्या कुणीतरी वाहून नेणे हे वारीच्या घडणीतच आहे. बैलगाडीच्या जागी ट्रक आला, इतकेच. ओझे असण्यात काही गैर नाही. ते कुणावर टाकले आहे आणि त्याला आपण काय समजतो, हा विचार करण्याचा भाग आहे.

इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर पंढरीला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिवसभर एका तालावर चालणारी माणसे मुक्कामी आल्यावर जातीप्रमाणे वेगळ्या पंगतीत बसत, हे त्यांना फार लागले. तो भेद आता बऱ्याच अंशी गेला. पण त्यांनी बोट ठेवले ती जागा मात्र पक्की होती. रस्त्यावर सगळे माउली असतात. कोण कुणाचे काय लागते हे मुक्कामी, चुलीपाशी कळते. आज त्या जागी चालणारा आणि रांधणारा असा भेद उभा आहे आणि तो कुणाला दिसतही नाही.

आमचे एक नातलग अमेरिकेत असतात. सुटीत ते भाड्याने मोटारघर घेतात. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, शौचालय, सारे काही. तेथील राज्यांची राखीव उद्याने असतात, त्यांत अशा गाड्यांसाठी क्रमांक घातलेल्या जागा असतात. एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात जायचा जो दिवस, त्याचे वर्णन त्यांनी केले तेव्हा मला निमगावची आठवण झाली. ठरलेल्या वेळी जागा सोडायची. विजेची तार काढायची, पाण्याची नळी गुंडाळायची, कपाटांना कड्या घालायच्या. नव्या जागी पोचल्यावर चाकाखाली फळ्या सरकवून गाडी समतल करायची. पण एक गोष्ट ऐकून मी थांबलो. निघण्याआधी सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी त्यासाठी केलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते, आणि ते काम गाडीत झोपणाराच हातमोजे घालून करतो. चांगल्या पगाराचा इंजिनिअर असला तरी तोच. ही यात्रा नव्हे, सहल आहे. तेथे ना नाम ना भजन. तरी आपला मैला आपण निस्तरायचा, एवढा धर्म त्या सहलीत पाळला जातो. पालखी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या गावात सफाईचे काम कोण करते, हे आपल्यापैकी किती जणांनी मागे राहून पाहिले आहे?

चाकांवरचे घर पाहायला माळेगावकराला अमेरिकेला जायचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि बीड, नगर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार असतो. चूल, हंडे, कोंबड्या, शेळी, पोत्यांच्या ढिगावर झोपलेले मूल. फडाजवळ कोपी उभी राहते, नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ म्हणून लागते आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. ही माणसेही वाट चालतात. त्यांच्या चालण्याला कुणी हार घालत नाही. हंगाम संपला की त्यांतलीच काही आषाढीला दिंडीतून येतात, तेव्हा मात्र त्यांच्याच पायांवर आपण डोके ठेवतो. पाय तेच आहेत. फरक एवढाच की त्या वीस-एकवीस दिवसांत त्यांच्या भाकरीची काळजी दुसरे कुणीतरी वाहत असते. वारीची पावले मोकळी पडतात ती त्या दुसऱ्याच्या जिवावर.

यावर दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की, ट्रकवरच्यांना मजुरी मिळते, तेव्हा ती वारी कशी? हे उत्तर टिकत नाही. कीर्तनकारालाही पाकीट मिळते, म्हणून त्याचे कीर्तन हिशेबातून कुणी वजा करत नाही. शिवाय आमच्या मावशींसारखी कितीतरी माणसे मजुरी न घेता येतात. त्यांची फक्त भिशी माफ असते.

दुसरे उत्तर गोड आहे आणि म्हणून अधिक घातक. सेवा ही चालण्याहून श्रेष्ठ, त्यांचे पुण्य आपल्यापेक्षा जास्त, असे सांगितले जाते. सावता महाराजांचा दाखला दिला जातो. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच अरणला आला. दाखला खरा आहे. पण सावतोबांनी मळा आपणहून धरला होता. मावशींना परात हवी की पताका, हे अकरा वर्षांत कुणी विचारले नाही. आणि सेवा एवढी श्रेष्ठ असेल, तर तिच्यासाठी दिंडीत भांडणे का होत नाहीत? विणा कुणाकडे असावा, रथाजवळ कुणी चालावे, यावर रुसवे-फुगवे होतात. पातेली घासण्यावरून रुसलेला टाळकरी मी अजून पाहिला नाही. जे काम आपण स्तुती करून दुसऱ्याकडेच ठेवतो, त्याच्या श्रेष्ठपणाविषयी आपलीच खात्री नसते.

नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन राहिला, ती कथा आपण दरवर्षी ऐकतो. पैठणला नाथषष्ठीच्या उत्सवात तो रांजण आजही भरतात. देवाने नाथांकडे पाणी भरणाऱ्याची थोरवी गायली, असे त्या कथेत नाही. त्याने कावड उचलली. जनाबाईच्या जात्यालाही त्याने हात लावला, असेच आपण सांगत आलो आहोत.

म्हणून यंदा भिशीच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. बेलवाडीच्या दिवशी ट्रकवरच्या चौघांनी पालखीबरोबर चालावे आणि चालणाऱ्यांतील चौघांनी ट्रक निमगावला न्यावा, राहुट्या उभ्या कराव्यात, स्वयंपाक करावा. बराच वेळ चर्चा झाली. आपल्या पुरुषांना भाकरी थापता येत नाही, ही मोठी अडचण निघाली. तर त्या दिवशी खिचडी करावी, असे एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने सुचवले. मग वारीचा नेम मोडेल का, असा प्रश्न आला. एक दिवस पायी न चालल्याने नेम मोडत असेल तर मावशींचा तो अकरा वर्षे रोज मोडतो आहे, आणि ते आपल्याला चालले, असे मी म्हणालो. त्यावर कुणी काही बोलले नाही. वहीत चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. आतापर्यंत एक नाव आले आहे, खिचडी सुचवणाऱ्या त्या टाळकऱ्याचे.

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. त्या दिवशी तांदूळ कोण निवडणार, एवढेच त्यांनी विचारले, आणि रिंगणाला कोणते लुगडे नेसतात तेही.