चुका माफ करणारी गाडी

‘पहिली गाडी कोणती घेऊ?’ असं ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीच्या आतला असतो, लायसन्स नुकतंच हातात आलेलं असतं आणि मनात एक गाडी आधीच ठरलेली असते. त्याला सल्ला नको असतो, संमती हवी असते. मायलेज, मेंटेनन्स, रिसेल यांची उत्तरं त्याला कुठेही मिळतात. मला मात्र हा प्रश्न आधी नीतीचा वाटतो, आणि मग यंत्राचा.

याचं एक कारण आपला परवाना. आरटीओत जायचं, कुणाच्या तरी शंभर सीसीच्या गाडीवर पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा, की झालं. स्प्लेंडरची ताकद साधारण ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलो. पण त्याच परवान्यावर अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी २०० अश्वशक्तीची सुपरबाईक घेऊन रस्त्यावर उतरला तरी ते कायदेशीर आहे. युरोपीय संघात याच्या पायऱ्या आहेत. सर्वसाधारणपणे सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, अठराव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि त्यापुढची गाडी मधल्या पायरीवर दोन वर्षं काढल्यावर किंवा थेट चोविसाव्या वर्षी. आपल्याकडे जिना नाही. तो ज्याचा त्याने बांधायचा. मग कायदा अडवत नाही, खिसा अडवत नाही, तर मी स्वतःला का अडवावं?

‘माझा जीव, माझे पैसे’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झालेल्या पुण्यात तर ते कानाला फार ओळखीचं आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडलेल्या विचाराचा हा घरगुती अवतार: ज्याने दुसऱ्याला इजा होत नाही, त्यात समाजाने पडू नये. हेल्मेटच्या बाबतीत हा युक्तिवाद निदान वाद घालण्याजोगा आहे. गाडीच्या निवडीत तो पहिल्याच चौकात कोसळतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी. गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो होतात. वेग ६० चा ८० केला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतं. कर्वे रोड ओलांडणाऱ्या आजोबांना या खरेदीत कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं: ‘गाडी मोठी असली म्हणून काय झालं, मी शिस्तीत चालवीन.’ मला यातली शिस्त खोटी वाटत नाही. पण शिकाऊ माणसाच्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुका स्वभावाच्या नसतात, शरीराच्या असतात. न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी आदळते, घाबरून मूठ आवळली जाते, मनगट मागे वळतं आणि अ‍ॅक्सिलरेटर उघडतो. ८ अश्वशक्तीची गाडी अशा वेळी एक हिसका देते. ४० ची उडी मारते. दोन्ही गाड्यांवरचा माणूस तितकाच सज्जन, तितकाच शिस्तीचा. शोरूममध्ये दिलेला शब्द मनाने दिलेला असतो, मनगटाला त्याची खबर नसते.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस घरं बांधून गवंडी होतो आणि न्यायाने वागून न्यायी. म्हणजे कौशल्य येण्याआधीच ते काम करावं लागतं, अर्थात वाईट करावं लागतं. तसं असेल तर चुका कुठे करायच्या, ही निवडसुद्धा नैतिकच झाली. आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रॉडक्शन डेटाबेस देत नाहीत आणि त्याला त्यात अपमानही वाटत नाही. लहान गाडी घे म्हटलं की मात्र वाटतो. (जाहिरातींनी सीसी आणि मर्दानगीची जी गाठ मारून ठेवली आहे, ती वेगळ्या लेखाचा विषय.)

पण ‘सर्वांत लहान ती सर्वांत सुरक्षित’ असंही सरळ नाही. २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं ते १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना. त्या नियमात त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी धरली होती. पावसात ओल्या सिमेंटवर नवखा माणूस पुढचा ब्रेक करकचून दाबतोच. एबीएस तिथे चाक लॉक होऊ देत नाही, सीबीएस तशी हमी देत नाही. म्हणजे इंजिनाची चूक माफ करणारी गाडी ब्रेकची चूक माफ करीलच असं नाही. म्हणून विचारलंच तर मी दीडशे-एकशेसाठ सीसी, एबीएस आणि दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी गाडी सांगतो. पैसे उरले तर चांगलं हेल्मेट आणि हातमोजे.

‘उरले तर’ हे मात्र खायचं काम नाही. आधी लहान घे, वर्षाने विकून मोठी घे, हा सल्ला दोनदा गाडी घेऊ शकणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात असंख्य मुलांची पहिली गाडी म्हणजे वडिलांची जुनी गाडी, किंवा हप्त्यावर घेतलेली, पुढची दहा वर्षं जी पुरवायची आहे ती. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला सीबीएस की एबीएस हे विचारण्यात अर्थ नाही. त्याला ब्रेक लायनर बदलायचे पैसे असतात की नाही, हे विचारावं. ज्याला निवड आहे, त्याच्यावरच तिचं ओझं आहे.

माझा मावसभाऊ तीनशे नव्वद सीसीवर अडून बसला आहे. कमावतो, लायसन्स आहे, मी कोण अडवणारा? त्याला मी एवढंच विचारलं, की आठवड्याभरात मावशीला मागे बसवून बाजारात नेशील ना? तो म्हणाला, ‘दादा, आईला एवढ्यात नाही बसवणार, हात बसू दे आधी.’ म्हणजे हिशोब त्यालाही येतो. सिग्नलवर उभ्या असलेल्या बाकीच्यांना तो त्यात धरत नाहीये, एवढंच.