रिकामा खुंटा





जयंतीच्या अंकात दरवर्षी विद्वान मंडळी लिहितात. मी विद्वान नव्हे. बी.कॉम. होऊन चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी दादांकडे राहायला आलो. वाडीचे दत्तमंदिर जवळ, ही एक ओढ होती. आता जे सांगणार आहे ते गोठ्यातले आहे, ते गोड मानून घ्यावे.

दत्तमहाराजांच्या तसबिरीत मागे गाय उभी असते. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण गोठ्यात चार दिवस राहिलेल्या माणसाला त्या तसबिरीत आणखी एक गोष्ट दिसते. त्या गाईच्या गळ्यात दावे नाही. आणि ती किती लिटर देते हे कोणी विचारत नाही!

आमच्याकडे मात्र तेच विचारले जाते. शेत सव्वा एकर. पाऊण एकर ऊस, उरलेल्यात पावसाळी सोयाबीन आणि बांधाकडेने हत्तीघास. त्यावर घर चालत नाही, घर चालते दुधावर. वहिनी पहाटे साडेचारला उठतात. शेण काढायचे, गोठा झाडायचा, सरकी पेंड भिजत घातलेली असते ती पुढे ठेवायची, मग कास धुऊन धार. सहाच्या आत किटली डेअरीत पोचली पाहिजे. तिथे फॅट बघून चिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीवर आमच्या घरातल्या त्या दिवसाचा चेहरा ठरतो. नंतर दादा वैरणीला जातात. ऊसतोड चालू असली की वाडे मिळते, एरवी घास कापायचा, कुट्टी करायची, पुन्हा पाणी, पुन्हा शेण, पुन्हा संध्याकाळची धार. यात रविवार नाही आणि एकादशीही नाही. दादांना सत्तर वर्षांत सलग आठ दिवस गाव सोडता आलेले नाही. गाणगापूरला जायचे म्हणतात, ते राहूनच गेले आहे.

मी आल्यावर काय केले? वही घातली. सवयच ती. बँकेत म्हैसकर्जाच्या फाइली माझ्याकडे असत. जनावर म्हणजे तारण. विम्याचा बिल्ला कानात, आणि जनावर मेले तर बिल्ला आणून दाखवल्याशिवाय दावा नाही. एकदा एक शेतकरी बिल्ला कानासकट फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. काउंटरवर ठेवला आणि नुसता उभा राहिला. मी पावती फाडली. तेव्हा काही वाटले नाही, हे कबूल करतो.

गोठ्यात चांदी नावाची म्हैस होती. कपाळावर पांढरा टिळा म्हणून चांदी. नऊ वेते झालेली. दोन वर्षे गाभण राहत नव्हती, दर वेळी उलटायची. मी वहीत मांडून दाखवले की पेंड, वैरण, औषध धरून रोजचे शंभरावर जातात आणि जमेला शेणाशिवाय काही नाही. दादा म्हणाले, "तू हिशेब केलायस, म्हंजे बरोबरच असंल." वहिनी काही बोलल्या नाहीत. मी व्यापाऱ्याकडून इसार घेतला.

भाकड म्हैस कुठे जाते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. गाईला आपल्याकडे आधीपासून आणि बैलालाही २०१५ पासून कायद्याची राखण आहे, म्हशीला तशी नाही.

त्यात जयंतीचा सप्ताह आला. मी पारायणाला बसलेलो. आपल्याला ठाऊक आहेच, सात दिवसांच्या क्रमात तिसऱ्या दिवशी वाचन बाविसाव्या अध्यायापासून सुरू होते. वंध्या महिषीची कथा. महाराज गाणगापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या दारी जातात आणि त्याच्या बायकोकडे भिक्षेला दूध मागतात. म्हैस म्हातारी, दात पडलेले, कधी व्यालेली नाही. माती वाहायला भाड्याने द्यायची तेवढाच तिचा उपयोग. आणि महाराज म्हणतात, दूध काढ.

तीस वर्षे मी हा अध्याय वाचला तो पुढच्या चमत्कारासाठी. वांझ म्हशीला दूध आले, भांडी भरली, गावात बोलबाला झाला. त्या दिवशी मात्र माझे लक्ष आधीच्याच ओळींवर अडकले. खायला नसलेल्या त्या घरात ती म्हैस अजून होती. ती बाजारात गेली असती तर महाराजांनी त्या दारात मागितले काय असते?

आणि तेवढ्यात अंगणात टेम्पोचा आवाज आला.

अध्याय मध्ये सोडू नये, आसनावरून उठू नये, बोलू नये, हे नियम मला पाठ. मी उठलो नाही. चांदी फळीवर चढेना. व्यापाऱ्याची माणसे शेपटी पिरगाळत होती, ते ऐकू येत होते. मग वहिनींचा आवाज आला, "सोडा तिला, मी चढवते." त्या पुढे झाल्या आणि चांदी त्यांच्या मागोमाग गुमान चढली. मी वाचतच राहिलो, आवाज जरा वाढवून. त्या दिवशी नियम माझ्या फार उपयोगी पडला.

आरतीनंतर वहीत २८,००० जमा लिहिले. वहिनींनी त्यातला एक रुपया मागितला नाही. पुढे कित्येक दिवस पहाटे त्या सवयीने एक पेंडी जास्त आणायच्या आणि रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन परत फिरायच्या.

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यात पृथ्वी पहिली. कोणी नांगरो, खणो, तुडवो, ती आपले धारण करणे सोडत नाही. यादीत कबुतर आहे, अजगर आहे, मासा आहे. म्हैस नाही. मी दादांना गमतीने तसे म्हणालो तर म्हणाले, "आरं, त्यास्नी रानात फिरायचं हुतं. म्हैस पाळायला घर लागतंय."

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. चांदीची रेडी त्याच गोठ्यात मोठी झाली, दोन वेते झाली. यंदा तीही दोनदा उलटली. गेल्या आठवड्यात धार काढता काढता वहिनींनी मान वर न करता विचारले, "भावजी, हिचा हिशेब झाला का?"

मला उत्तर सुचले नाही. भिंतीवरचा विळा घेतला आणि घास कापायला बांधावर गेलो.