बाकावरचा शेजार

चौथीच्या वर्गात माझ्या शेजारी जो मुलगा बसे, त्याचे वडील तालुका कचेरीत कारकून होते आणि माझे वडील बाजारपेठेत हमाली करीत. शिष्यवृत्तीची एक परीक्षा असते, तिचा अर्ज मुदतीत भरावयाचा असतो, तिच्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून पाहावयाच्या असतात, यांपैकी एकही गोष्ट आमच्या घरी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने दप्तरातून दोन अर्ज काढले, एक स्वतःचा व एक माझा, आणि ‘बाबा म्हणाले, तूही बस’ एवढेच सांगून तो गोट्या खेळावयास पळाला. आमच्याच आळीतला आणखी एक मुलगा, जो तोंडी हिशेबात आम्हां दोघांच्याही पुढे असे, पलीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसत होता. त्याच्यापर्यंत अर्ज पोचला नाही. पाचवीत गुणानुक्रमाने तुकड्या पडल्या, आम्ही दोघे ‘अ’ मध्ये आणि तो ‘क’ मध्ये गेला, आणि आठवी संपण्याच्या आत हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले. त्याच्या-माझ्यातले अंतर दोन बाकांचे होते, हे उमगण्यासाठी मला पुढे तीस वर्षे शिक्षकी करावी लागली.

आपल्याकडे शैक्षणिक विषमतेचा विचार शाळेच्या दाराशी सुरू झाला, आणि ते स्वाभाविकच होते. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने केलेली दरखास्त नामंजूर झाली. त्या एका दरखास्तीवर सरकारी दफ्तरात पुष्कळ लिखापढी झाली आणि सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचे तत्त्व निदान कागदावर तरी मान्य झाले. परंतु दार उघडले तरी आत बसावयाचे कोठे, आणि कोणाच्या शेजारी, हा प्रश्न शिल्लकच राहिला. साताऱ्याच्या शाळेत लहानगे भीमराव आंबेडकर घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडविण्यासाठी ते फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलण्यासाठी मुलांची धावपळ उडाली. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा मला त्या गणिताहून त्या डब्यांचेच दुःख अधिक होते. कारण गणित गुरुजी शिकवू शकत होते, पण डबा वाटून खाणारा सोबती त्यांना देता येण्यासारखा नव्हता.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत हा विचार कसा पुढे सरकला, ते पाहण्यासारखे आहे. 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली, कारण खेड्यातून आलेल्या पोराला आधी डोक्यावर छप्पर हवे होते. आणि त्याच महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम सोडला. कोल्हापुरातच जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. 1924 साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते ज्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले, त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीस बसून भाकरी खात; आणि ती पंगत मोडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडले. माझ्या मते मैत्री हाच अभ्यासक्रमाचा गाभा मानणारी महाराष्ट्रातील ती पहिली मोठी शाळा होय, मग तिच्या नियमावलीत तो शब्द असो वा नसो.

ज्या गोष्टीचा प्रत्यय साताऱ्यात पंगतीला येत होता, तिचे मोजमाप घेण्याची खटपट तिकडे अमेरिकेत चालली होती. मुलांना ‘तुला कोणाशेजारी बसायला आवडेल?’ असा साधा प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरांच्या रेघा जेकब मोरेनो यांनी कागदावर ओढल्या, त्या 1934 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि ज्याच्याकडे एकही रेघ जात नाही असे मूल प्रथमच नकाशात दिसू लागले. 1966 साली जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून असे दाखविले की, घरच्या परिस्थितीच्या खालोखाल मुलाच्या प्रगतीशी संबंध दिसतो तो सहाध्यायांच्या पार्श्वभूमीचा. इमारत, प्रयोगशाळा, पुस्तके त्यानंतर. त्याच वर्षी आपल्या कोठारी आयोगाने गरीब-श्रीमंत सर्वांची मुले जवळच्या एकाच शाळेत जावीत अशी शेजारशाळेची शिफारस केली, आणि ती दफ्तरातच राहिली.

मैत्री काही हुकुमाने होत नाही, असा आक्षेप यावर हटकून घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली सात कोटींहून अधिक अमेरिकनांची फेसबुकवरील मैत्री तपासली, तेव्हा गरीब-श्रीमंतांमधील दुराव्याचा सुमारे अर्धा भाग ते एकमेकांना भेटतच नाहीत यामुळे, आणि उरलेला अर्धा भेटूनही मैत्री करीत नाहीत यामुळे असल्याचे आढळले. मात्र हा दुसरा दुरावा सर्व शाळांत सारखा नव्हता, मोठ्या शाळांत तो अधिक होता. म्हणजे शाळेच्या रचनेचाही त्यात हात असतो. दिल्लीच्या खाजगी शाळांत गरीब मुलांना जागा देणे बंधनकारक झाल्यावर गौतम राव यांनी तेथील श्रीमंत मुलांची परीक्षा पाहिली. ती अधिक उदार झाली होती आणि गरीब मुलांविषयीचा त्यांचा दुजाभाव कमी झाला होता. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पडत, आणि ज्यांच्या गटात गरीब सोबती योगायोगाने आला त्यांच्यात हा पालट ठळक दिसला.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांकडे मी याच दृष्टीने पाहतो. 2024 च्या फेब्रुवारीत, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित खाजगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा नियम महाराष्ट्र सरकारने केला, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. जवळ दुसरी शाळा आहेच, मग बिघडले कोठे, असे त्या वेळी पुष्कळ सुशिक्षित माणसांनी मला विचारले. त्यांना मी चौथीतल्या त्या दोन अर्जांची हकिकत सांगत असे.

माझ्या ओळखीच्या एक बाई दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून वर्गातले बाक बदलतात. मधल्या सुट्टीत मुले पुन्हा आपापल्या घोळक्यात जातात, हेही त्या कबूल करतात. गेल्या पावसाळ्यात कायद्याच्या जागेवर आलेला एक मुलगा तापाने चार दिवस आला नाही, तेव्हा बंगल्यात राहणारा त्याचा त्या आठवड्यातला शेजारी वही घेऊन बाईंपुढे उभा राहिला आणि त्याचे घर कोठे आहे म्हणून विचारू लागला. त्या वस्तीत घरांना क्रमांक नाहीत. म्हणून बाईंनी त्याच्या वहीच्या मागल्या पानावर पाण्याची टाकी, पिंपळ आणि त्यापुढचे तिसरे दार असे चित्र काढून दिले.